घरापासून लांब, डोंगरातल्या गावातली मॅरेथॉन: पळू की नको?

सपाटवाट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज प्रश्न घेऊन आलोय.

कामानिमित्त तीन आठवड्यांसाठी बराच लांब, पश्चिमेकडे जायचंय. घड्याळात सात तासांचा फरक. जिथे मुक्काम आहे तिथून दीड तासावर डोंगरात एक छोटं गाव आहे आणि मी पोचल्यानंतर नवव्या दिवशी, रविवारी, तिथे मॅरेथॉन आहे. पूर्ण ४२.१९५. पळणारे तीनेकशे, मुदत सहा तासांची, नोंदणी अजून चालू आहे.

चार महिने मी एका सपाट शर्यतीची तयारी करत होतो. ती याच दौऱ्यामुळे बुडाली. म्हणजे पाय तयार आहेत, पण सपाटीसाठी. माझी सपाटीवरची सर्वोत्तम वेळ ४:२४ (किलोमीटरला साधारण सव्वासहा मिनिटं). या मार्गावर एकूण चढ ७०० मीटर आहे आणि उतारही तेवढाच, कारण सुरुवात आणि शेवट एकाच मैदानावर. तीन मोठ्या चढणी: ५ ते १० किमी, १७ ते २२ किमी आणि ३१ ते ३६ किमी. मार्गाचा आलेख पाहिला तर करवतीसारखा दिसतो, बघूनच पोटात गोळा आला.

प्रश्न तीन. पळावं का? किती वेळ धरून चालू? आणि निघायला पाच आठवडे आहेत, तेवढ्यात काय करता येईल? आमच्याकडे डोंगर तर सोडाच, टेकाडसुद्धा नाही.

पहाटपाय
पळा! चार महिन्यांची मेहनत पायांत आहे, ती वाया का घालवायची? छोट्या गावातल्या शर्यतींची मजा मोठ्या शहरांत नाही. सविस्तर रात्री लिहितो.

मोजपट्टी
आधी त्या आलेखाबद्दल. उभ्या अक्षावर काय लिहिलंय ते बघा. बहुतेक आलेखांत आडवे ४२ किलोमीटर आणि उभे दोन-तीनशे मीटर एकाच चौकटीत बसवलेले असतात, त्यामुळे उंची शंभरेक पट ताणली जाते आणि सौम्य चढणही कड्यासारखी दिसते. तुमचे आकडे धरले तर ७०० मीटर चढ १५ किलोमीटरांत, म्हणजे सरासरी साधारण पावणेपाच टक्के. सोपं नाही, पण कडाही नाही.

आता वेळ. जॅक डॅनियल्स या प्रशिक्षकांच्या नावावर एक ठोकताळा सांगितला जातो: दर एक टक्का चढाला मैलामागे १२ ते १५ सेकंद जातात आणि दर एक टक्का उताराला साधारण ८ सेकंद परत मिळतात. किलोमीटरमध्ये बदललं तर चढाला साडेसात ते सव्वानऊ सेकंद, उताराला पाच. तुमच्या ७०० मीटरांना लावा: चढणींवर मिळून साधारण दहा मिनिटं जातील, उतारांवर सहा परत येतील. निव्वळ तोटा तीन ते पाच मिनिटं. म्हणजे ४:२८ च्या आसपास.

घाटवळण
मोजपट्टीताई, तुमच्या हिशेबाबद्दल आदर आहे, पण ४:२८ हा आकडा त्यांच्या डोक्यात बसला तर पंचाईत होईल.

दुसरा हिशेब सांगतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरात चालण्यासाठी नियम दिला: दर तीन मैलांना एक तास, आणि शिवाय दर २,००० फूट चढाला आणखी एक तास. तीन मैल म्हणजे १५,८४० फूट. त्याला २,००० ने भागा, ७.९२ येतं. म्हणजे एक मीटर चढणं हे जवळपास आठ मीटर सपाट चालण्याएवढं. पुढे फिलिप स्कार्फ या संशोधकांनी डोंगरी शर्यतींच्या वेळा तपासल्या, तेव्हा पळण्यालाही हे गुणोत्तर बऱ्यापैकी लागू पडतं असं दिसलं.

७०० गुणिले ८ म्हणजे ५.६ किमी. सपाटवाट, तुमची शर्यत ४२ ची नसून जवळपास ४८ ची आहे. सव्वासहाच्या गतीने ४:५९.

सपाटवाट
एकाचं ४:२८ आणि दुसऱ्याचं ४:५९? मधे अर्धा तास आहे! आता मी काय समजायचं?

निवांत_धावक
४:२८ आणि ४:५९ च्या मधे कधीतरी पोचाल असं समजायचं. :) घड्याळ हॉटेलवर ठेवा हा माझा सल्ला.

मोजपट्टी
घाटवळण यांचा मुद्दा रास्त आहे, पण दोन्ही नियम कुठून आले ते बघायला हवं. त्यांचा नियम ओबडधोबड डोंगरावरचा, तीव्र चढाचा. तिथे उतारावर फारसं काही परत मिळत नाही, कारण दगड, चिखल आणि गवतातून जपून उतरावं लागतं. डांबरी रस्त्याला तो जड पडतो. माझा नियम रस्त्याचा, पण त्यात एक गृहीत दडलंय: उतारावरचे ते पाच सेकंद तुम्हाला शेवटपर्यंत घेता येतील. मांड्या शाबूत असतील तरच ते मिळतात. ३६ किलोमीटरनंतरच्या उतारावर ताज्या पायांचा हिशेब कुणाचाच लागत नाही.

म्हणून माझी दुरुस्ती: ४:४० ते ४:५०. आणि त्यातही मिनिटं चढणीवर कमी, शेवटच्या उतारावर जास्त जातील.

उतारकरी
मोजपट्टी यांचं शेवटचं वाक्य प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावं. सगळे चढाला घाबरतात. चढ फक्त दमवतो. पाय मोडतो तो उतार.

कारण सांगतो. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू प्रत्येक पावलाला शरीराचं वजन झेलतो आणि झेलता झेलता ताणला जातो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. अशा कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होतात. गंमत अशी की त्या वेळी काहीच जाणवत नाही, उलट श्वास मोकळा असतो, पाय आपोआप पडतात, आज आपला दिवस आहे असं वाटतं. हिशेब दोन तासांनी येतो.

मी अमेरिकेतली बोस्टन मॅरेथॉन पळालोय. ती छोट्या गावातली शर्यत म्हणता येणार नाही, पण सुरू होते हॉपकिन्टन या छोट्या गावातूनच. तिथून शेवटापर्यंत मार्ग एकूण १४० मीटरच्या आसपास खाली उतरतो आणि त्यातला बराचसा उतार सुरुवातीलाच. मी पहिले २५ किलोमीटर ठरवल्यापेक्षा भराभर गेलो. मग न्यूटन शहरातल्या चार चढणी आल्या. शेवटची हार्टब्रेक हिल, तिची उंची जेमतेम २७ मीटर. सत्तावीस! एरवी आपण बोलत बोलत चढून जाऊ. पण ती चढणही मी रेटली. खरा प्रकार माथ्यावर पोचल्यावर झाला. तिथून उतार लागला आणि पहिल्याच पावलाला उजवी मांडी अशी लटपटली की पाय दुमडतो की काय असं वाटलं. एका दिव्याच्या खांबाला धरून उभा राहिलो. दम अजिबात लागलेला नव्हता. छाती म्हणत होती चल, पाय म्हणत होते नाही. शेवटचे सात-आठ किलोमीटर कधी चालत, कधी फरफटत.

तेव्हा सपाटवाट, तुमची शर्यत १० व्या किलोमीटरला, पहिला उतार सुरू होतो तिथे ठरणार आहे.

डबलगाठ
बोस्टनचा विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. २०११ साली केनियाच्या जेफ्री मुतायने तिथे २:०३:०२ वेळ दिली, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा जवळपास मिनिटभर कमी. पण विक्रम म्हणून धरली नाही. नियम असा की सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको आणि शेवटची जागा सुरुवातीपेक्षा किलोमीटरमागे एक मीटरहून जास्त खाली नको. बोस्टन दोन्हीत बसत नाही.

घाटवळण
छान माहिती. म्हणजे सपाटवाट यांच्या शर्यतीत विश्वविक्रम झाला तर तो ग्राह्य धरला जाईल, सुरुवात आणि शेवट एकाच मैदानावर आहे. :)

सपाटवाट
तेवढंच राहिलं होतं! :) उतारकरी, वाचून अंगावर काटा आला. पण मग उपाय काय? उताराची सवय सपाटीवर करायची कशी?

उतारकरी
जिने. उंच इमारत शोधा, वर लिफ्टने जा, खाली जिन्याने उतरा. चढण्याची गरजच नाही. पहिल्या दिवशी २० मजले पुरे. तिसऱ्या दिवशी मांड्या ठणकतील, तो ठणका २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतो. मग आठवडाभर थांबा आणि पुन्हा तेवढेच मजले उतरा. दुसऱ्यांदा निम्माही त्रास होणार नाही. स्नायूला एकदा अशी झळ बसली की तो पुढचे काही आठवडे सावध राहतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसून आलंय. त्यामुळे पाच आठवड्यांत असे चार-पाच दिवस मिळाले तरी पुष्कळ. शेवटचा दिवस शर्यतीच्या किमान दहा-बारा दिवस आधी. शेवटच्या आठवड्यात जिन्याकडे बघूही नका.

दमसास
उड्डाणपूल आणि गाड्या लावायच्या बहुमजली जागांचे उतरते रॅम्पही चालतात. मी तर एकाच पुलावर तासभर वर-खाली केलंय, पहारेकऱ्याने दोनदा विचारलं काही हरवलंय का म्हणून.

एकटी_चाल
मी जरा वेगळं बोलते. नका पळू. किंवा अर्धी पळा, असेल तर.

परक्या देशात कामासाठी चाललाय, सोबत कुणी नाही. सोमवारी कामावर हजर व्हायचं असेल. मी अशीच एकदा गेले होते. बूट मोठ्या बॅगेत ठेवले आणि ती बॅग तीन दिवस उशिरा आली. शर्यत दुसऱ्याच दिवशी. दुकानातून नवे बूट घेतले, त्याच मापाचे, आणि पळाले. उतारावर अंगठे पुढे आपटत राहिले. २८ व्या किलोमीटरला बसले, मोजा काढला तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळी आणि टाचेला रक्त. स्वयंसेवकांच्या गाडीतून परत आले. भाषा येत नव्हती, माझी खोली कुठे आहे हे सांगायला अर्धा तास गेला. त्या दिवशी मला पळता आलं नाही याचं दुःख कमी होतं, एकटं वाटलं त्याचं जास्त होतं.

मी कुणाला घाबरवत नाहीये. पण घरची शर्यत बिघडली तर रिक्षा करून घरी येता येतं. तिथे ते नसतं.

पहाटपाय
एकटी_चाल, वाचून वाईट वाटलं. तरीही मी माझ्या मतावर ठाम आहे, कारण तुमच्या अनुभवातल्या बहुतेक गोष्टी आधी टाळता येतात.

पळायचे बूट विमानात पायांत घालूनच बसा. शर्यतीचे कपडे, पळताना खायचे एनर्जी जेल, घड्याळाचा चार्जर हातातल्या बॅगेत. मोठी बॅग हरवली तरी शर्यत हरवत नाही. मुक्कामाचा पत्ता स्थानिक भाषेत कागदावर लिहून पट्ट्यात ठेवा. छातीवरच्या क्रमांकाच्या मागे नाव, रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि दोन फोन नंबर लिहा: एक घरचा, एक तिथल्या सहकाऱ्याचा. प्रवास विम्यात स्पर्धेत झालेली इजा धरली आहे का ते आताच विचारा, सगळ्यांत धरलेली नसते.

आणि कागदपत्रं! काही देश पाहुण्या धावपटूकडून आरोग्याचं काहीतरी मागतात. इटलीत मॅरेथॉनला वैद्यकीय प्रमाणपत्र मागितलं जायचं. फ्रान्समध्येही पूर्वी लागायचं, आता तिथल्या ॲथलेटिक्स महासंघाचा छोटा ऑनलाइन कार्यक्रम पूर्ण करून त्याचा क्रमांक द्यावा लागतो. तुमच्या शर्यतीचे नियम निघण्याआधी नीट वाचा, तिथे गेल्यावर डॉक्टर शोधत फिरू नका.

डबलगाठ
बुटांवरून आठवलं. उतारावर अंगठे आपटू नयेत म्हणून बुटाला सगळ्यात वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं. बहुतेक लोक ते रिकामंच ठेवतात. नाडी बाहेरून त्याच बाजूच्या त्या भोकात घाला म्हणजे दोन्ही बाजूंना छोटे फास तयार होतील. उजवी नाडी डाव्या फासातून, डावी उजव्या फासातून, मग खाली खेचून गाठ. टाच जागेवर पक्की बसते, पाऊल पुढे सरकत नाही. नखं दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.

एकटी_चाल
हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! डबलगाठ, तुमचं नाव शोभतं अगदी. आता प्रयत्न करून बघितलं, टाच खरंच हलत नाही.

नवी_पावलं
मी अजून दहा किलोमीटरच्या पुढे गेले नाही, पण हा धागा सोडवत नाही. वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: चढणीवर चालावं का? चाललं तर मॅरेथॉन पळालो असं म्हणता येतं का?

खडीचा_रस्ता
बाळबोध अजिबात नाही. हो, चालावं.

स्वित्झर्लंडमधली युंगफ्राऊ मॅरेथॉन घ्या. इंटरलाकेनहून निघते, पहिले २५ किलोमीटर बरेचसे सौम्य. मग लाउटरब्रुनेनहून वेंगेनला चढणारी नागमोडी वाट, पाचेक किलोमीटरांत साडेचारशे मीटरहून जास्त. मी होतो त्या घोळक्यात तिथे एकही माणूस पळत नव्हता. हात मांडीवर टेकवून, कंबरेतून थोडं वाकून, लांब टांगा न टाकता भराभर चालायचं. माझ्या शेजारी एक गृहस्थ तसल्या चढावर पळायचा प्रयत्न करत होते. मी चालत होतो, ते पळत होते, आणि आम्ही बराच वेळ बरोबरच होतो. फरक इतकाच की माझा श्वास जागेवर होता. माथ्यावर मी पळायला लागलो, ते कठड्यावर बसले.

पण सपाटवाट यांच्या पाच टक्क्यांवर सरसकट चालायची गरज नाही. आठ-दहा टक्क्यांचा एखादा तुकडा लागला तर तिथे चाला, बाकी छोट्या पावलांनी पळा.

मोजपट्टी
आणि त्या छोट्या पावलांची गती किती? पाच टक्के चढाला किलोमीटरमागे चाळीसेक सेकंद धरा, म्हणजे साधारण सात मिनिटं. कुणी मागून पुढे गेलं तर जाऊ द्या.

घाटवळण
मी तर म्हणेन गती बघूच नका. एक पूर्ण वाक्य सलग बोलता येतंय का, एवढंच तपासा. डोंगरात वारा असतो, वळणं असतात, घड्याळाची गतीसुद्धा झाडीत आणि दरीत चुकते. चढण कुठे तीन टक्के, कुठे सात. तिथे ठरावीक गती धरून बसलात तर सात टक्क्यांवर जीव काढाल आणि तीनवर उगाच रेंगाळाल. श्वास सगळीकडे खरं सांगतो.

मोजपट्टी
यावर मात्र पूर्ण अनुमोदन. +१

दमसास
कुणी झोपेबद्दल बोललं नाही. सात तास पश्चिमेकडे म्हणजे नशीब चांगलं आहे. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकतं आणि पश्चिमेकडे जरा सोपं सरकतं, कारण आपला आतला दिवस मुळातच २४ तासांपेक्षा थोडा मोठा असतो. नवव्या दिवसापर्यंत बऱ्यापैकी रुळाल. पहिले दोन-तीन दिवस पहाटे तीनला डोळे उघडतील, घाबरू नका. संध्याकाळी उजेडात फिरा, स्थानिक वेळेनुसार झोपेपर्यंत तग धरा, दुपारी लांबलचक झोपू नका.

पहिले तीन दिवस फक्त हलकं पळा. आणि हे महत्त्वाचं: वाहनं उलट्या बाजूने येत असतील. घरी ज्या बाजूला बघून रस्ता ओलांडायची सवय आहे ती तिथे घात करू शकते. छोट्या गावांत शर्यतीचा रस्ता अनेकदा वाहतुकीला पूर्ण बंद नसतो. २० व्या किलोमीटरला डोकं दमलेलं असतं, तेव्हा सवयच काम करते. मुक्कामाच्या पहिल्या दिवसांत ही सवय मुद्दाम मोडा.

निवांत_धावक
आणि गर्दीची सवयही मोडा. तीनशे जणांची शर्यत म्हणजे १५ किलोमीटरनंतर पुढे एक पाठ, मागे कुणी नाही. मला पहिल्यांदा वाटलं होतं रस्ता चुकला. पाणीही दर दोन किलोमीटरला मिळत नाही, कुठे पाच, कुठे सात. एक छोटी बाटली बरोबर असू द्या. त्या शांततेत आपल्याच पावलांचा आवाज ऐकत पळण्यात जे सुख आहे ते मला आजवर कुठल्याच मोठ्या शर्यतीत मिळालं नाही, हे मनापासून सांगतो.

सपाटवाट
सगळ्यांचे खूप आभार. नोंदणी केली! एकटी_चाल, तुमचं म्हणणं डोक्यात ठेवलंय. २२ व्या किलोमीटरला, दुसऱ्या चढणीच्या माथ्यावर, थांबायचं की पुढे जायचं ते ठरवणार, तिथून गावात परत यायला आयोजकांची गाडी आहे. आजपासून जिने.

एकटी_चाल
हे आवडलं. थांबण्याची जागा आधी ठरवली की थांबणं हार वाटत नाही. शुभेच्छा!

नवी_पावलं
दोन महिने झाले. धागा वर आणतेय. सपाटवाट, काय झालं? आम्ही वाट बघतोय.

सपाटवाट
क्षमस्व, परत आल्यावर कामात बुडालो होतो. पळालो. ४:४६.

मोजपट्टीताई, ४:४० ते ४:५० म्हणाला होतात. घाटवळण, तुमच्या ४:५९ मुळे सुरुवातीला सबुरी राहिली. दोघांचेही पाय धरतो.

निघण्याआधी पाच वेळा जिने उतरलो. पहिल्या वेळेनंतर दोन दिवस खुर्चीत बसताना हाताचा आधार लागत होता. पाचव्या वेळी ४० मजले उतरलो आणि दुसऱ्या दिवशी काहीच दुखलं नाही. उतारकरी, तेव्हाच तुमच्यावर पूर्ण विश्वास बसला.

शर्यतीच्या सकाळी धुकं होतं. पहिल्या चढणीवर बरेच जण मला मागे टाकून गेले. मी मनातल्या मनात घरचा पत्ता पूर्ण म्हणून बघत होतो, एका श्वासात म्हणता आला की ठीक. १० व्या किलोमीटरला माथा आला, उतार समोर पसरलेला, पाय नुसते सुटायला बघत होते. तिथे स्वतःला धरणं हे पूर्ण दिवसातलं सगळ्यात अवघड काम होतं. चढणीपेक्षा अवघड. छोटी पावलं, गुडघे थोडे वाकलेले, मागे रेलायचं नाही. अर्धी शर्यत २:१७.

२२ व्या किलोमीटरला ठरल्याप्रमाणे थांबलो, मिनिटभर. पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण मांड्या दाबून बघितल्या तर मऊ होत्या. निघालो.

तिसऱ्या चढणीवर, ३३ च्या आसपास, मी पूर्ण एकटा होतो. पुढे-मागे कुणी नाही. एका वळणावर घडीची खुर्ची टाकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते, मांडीवर वही. माझा क्रमांक वाचून त्यांनी वहीत टिपला, मग उठून उभे राहिले आणि हाताने दाखवलं: एक वळण, दुसरं, तिसरं, मग सपाट. भाषा एकमेकांची कळत नव्हती. पण त्यांनी तीन बोटांतली एक-एक मिटत ते इतकं नीट सांगितलं की मी वळणं मोजत गेलो आणि तिसऱ्यानंतर खरोखर माथा आला. इतक्या लांब माझी वाट बघत कुणीतरी बसलंय, हे मनात इतकं बसलं की डोळे भरून आले.

३६ नंतरच्या उतारावर पहिल्या चढणीला पुढे गेलेले पुष्कळ जण चालत होते, काही कठड्याला धरून. मी पळत होतो. वेगात नाही, साडेसहाच्या गतीने, पण न थांबता. एकाला पेटके आले होते, त्याला माझ्या बाटलीतलं पाणी दिलं.

उतारकरी
साडेसहाने पळत होतात? त्या उतारावर? मला किती आनंद झालाय ते लिहून सांगता येणार नाही. हार्टब्रेक हिलच्या त्या खांबाची आठवण आली.

मोजपट्टी
पहिला अर्धा २:१७, दुसरा २:२९. फक्त १२ मिनिटांचा फरक, आणि तिसरी चढण दुसऱ्या अर्ध्यात असताना! सपाटीच्या शर्यतीतही अनेकांचा यापेक्षा जास्त फरक पडतो. अभिनंदन!

एकटी_चाल
ते वही घेतलेले गृहस्थ वाचून मलाही भरून आलं. परतीचं विमान कधी होतं? शर्यतीनंतर लगेच तर नाही ना बसलात?

सपाटवाट
नाही, अकरा दिवसांनी. सोमवारी कामावर मात्र गेलो, तिथला जिना कठडा धरून उतरलो.

दमसास
बरं केलंत. मॅरेथॉननंतर लगेच लांबचा विमानप्रवास टाळलेला चांगला, आणि टाळता येत नसेल तर दर तासाला उठून चालावं, पाणी पीत राहावं. दोनपैकी एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली तर ती शर्यतीची वेदना समजून घरी बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. माझ्या ओळखीतल्या एकाला रक्ताची गाठ झाली होती, वेळेत कळली म्हणून निभावलं.

नवी_पावलं
मी अर्ध्या मॅरेथॉनला नाव दिलंय! तीही डोंगरातली, २१ किलोमीटरमध्ये ३०० मीटर चढ. उतारकरी, मी पहिल्या दिवशी किती मजले उतरू?

उतारकरी
पंधरा. आणि लिफ्ट चालू आहे ना ते आधी बघा.